गल्लीतला दिवा कोण लावणार?

राज्यसभा, लोकसभा तोंडपाठ असलेल्या मुलांना आपल्या वॉर्डाचे कार्यालय कुठे आहे, हे ठाऊक नसते. तामिळनाडूतील बालसंसदांनी यावर एक साधा उपाय शोधला. आपल्या घरातील, इमारतीतील मुलांसाठी त्यातून काय घेता येईल?

दहावीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला किंवा मुलीला एक प्रश्न विचारून पाहा. राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती वर्षांची असते? ‘सहा’, असे उत्तर क्षणात मिळेल. आता दुसरा प्रश्न विचारा. गल्लीच्या तोंडाशी असलेला दिवा आठ दिवसांपासून बंद आहे, त्याची तक्रार कुठे करायची? मूल आपल्या तोंडाकडे पाहू लागेल. आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा आपल्यालाही ते ठाऊक नसते. ‘कुणीतरी केली असेल तक्रार’, असे म्हणून आपण अंधारातून चाचपडत घरी येतो.

यात मुलांचा दोष नाही. आपल्या शाळांतून नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाला मागून जोडलेले शेपूट. परीक्षेच्या आदल्या रात्री चार कलमे घोकायची, रिकाम्या जागा भरायच्या आणि निकालानंतर पुस्तक रद्दीत द्यायचे. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. म्हणजे बारावीतून बाहेर पडणारे मूल सरकार निवडायला पात्र ठरते. पण तोवर त्याने चार माणसांत बसून एखादा निर्णय घेतलेला नसतो, एखादा अर्ज लिहिलेला नसतो, एखाद्या कामाचा पाठपुरावा केलेला नसतो. सायकल शिकवताना आपण मुलाच्या हाती सायकलवरचे पुस्तक देत नाही. मग नागरिक होण्याचे शिक्षण तेवढे पुस्तकातून कसे काय होणार?

मुलांची संसद, गल्लीची संसद

चेन्नईची महापालिका देशातील सर्वांत जुनी. तिची स्थापना १६८८ ची. आज या शहराचे २०० वॉर्ड आहेत. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात एका गल्लीचे म्हणणे वरपर्यंत पोहोचायचे कसे, हा मोठ्या माणसांनाही पडणारा प्रश्न. तामिळनाडूत मुलांच्या हाती त्याचे एक उत्तर देण्याचा प्रयोग झाला. त्याला तिथे ‘कुळंदैगळ पाराळुमन्रम’ म्हणतात, म्हणजे मुलांची संसद.

ही कल्पना रुजवली ती कन्याकुमारी जिल्ह्यातील फादर एडविन जॉन यांनी. त्यांचे म्हणणे असे की, लोकशाही वरून खाली येत नाही, ती शेजारपाजारातून वर जावी लागते. त्यासाठी गट लहान हवा. शंभर-दोनशे जणांच्या सभेत दोघे बोलतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. म्हणून एका वस्तीतील, एका गल्लीतील साधारण तीस मुलांचा एक गट करायचा. ही त्यांची संसद. तिथे मुले गोल करून बसतात, म्हणजे कुणी पुढच्या बाकावर नाही आणि कुणी मागच्या नाही.

या संसदेत प्रेक्षक कुणी नसतो, कारण शक्यतो प्रत्येकाकडे काही ना काही जबाबदारी असते. एकाकडे आरोग्य, दुसरीकडे शिक्षण, तिसऱ्याकडे अर्थ, आणखी कुणाकडे पर्यावरण किंवा खेळ. आरोग्यमंत्री म्हणजे लाल दिव्याची गाडी नव्हे. गल्लीत कुठे पाणी साचले आहे, कुणाच्या घरी ताप आला आहे, हे पाहून पुढच्या बैठकीत सांगणारे मूल म्हणजे आरोग्यमंत्री. शिक्षणमंत्र्याने कोण शाळेत यायचे थांबले, याची चौकशी करायची. गल्लीच्या संसदेतून प्रतिनिधी गावाच्या किंवा वॉर्डाच्या संसदेत जातात, तिथून तालुका, जिल्हा, राज्य अशा पायऱ्या चढत जातात. प्रतिनिधीने काम केले नाही तर खालचा गट त्याला परत बोलावू शकतो. मोठ्यांच्या लोकशाहीत ज्याची नुसती चर्चा होते, ते इथे मुलांच्या हाती आहे.

तामिळनाडूतील या बालसंसदांवर अ‍ॅना केर्स्टिंग या जर्मन दिग्दर्शिकेने २०१७ साली ‘पॉवर टू द चिल्ड्रन’ नावाचा माहितीपट काढला. या राज्यस्तरीय बालसंसदेचे पंतप्रधानपद चेन्नईच्या एका दृष्टिहीन मुलीनेही भूषवले आहे. जिला शाळेपर्यंत कोण पोहोचवणार, अशी काळजी घरच्यांना असावी, ती राज्यभरातील मुलांच्या वतीने बोलते, ही गोष्ट किती सांगून जाते!

‘मला मत द्या’ म्हणायचे नाही

या संसदेतील निवडणूक आपल्या शाळांतील वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीहून अगदी वेगळी असते. आपल्याकडे काय होते? बाईंच्या मर्जीतला हुशार मुलगा ‘मॉनिटर’ होतो किंवा ज्याचे मित्र जास्त तो निवडून येतो. हरलेला रुसतो, जिंकलेला मिरवतो आणि वर्षभर दोघेही काही करत नाहीत.

इथे उमेदवार उभाच राहत नाही. आधी त्या पदाचे काम काय, हे ठरवतात. मग प्रत्येक मूल आपल्या मते योग्य असलेल्याचे नाव सुचवते आणि कारणही सांगते, तेही सर्वांसमोर. ‘ती वेळेवर येते’, ‘तो लहान मुलांवर ओरडत नाही’, ‘तिने मागच्या वेळी हिशेब चोख ठेवला होता’. सर्वांची कारणे ऐकल्यावर दुसरी फेरी होते. आपले मत बदलावेसे वाटले तर बदलायची मुभा असते. शेवटी एक नाव पुढे येते आणि ‘कुणाची हरकत आहे का?’ असे विचारले जाते. हरकत असली तर तिचे कारण ऐकून मार्ग काढतात.

पंधरा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने विचार करा. आपले रूप, आपले गुण, आपले कपडे यांवरच सारे जग आपल्याला तोलते, असे वाटण्याचे हे वय. त्या वयात दहा जणांनी तोंडावर सांगावे की, तुझ्यावर आमचा विश्वास आहे आणि तो अमुक कारणासाठी आहे. हा अनुभव कोणत्याही ढालीपेक्षा, प्रमाणपत्रापेक्षा मोठा आहे. जिचे नाव पुढे आले नाही तिलाही एक गोष्ट कळते. लोक माणसाची निवड करताना भाषण पाहत नाहीत, वागणे पाहतात.

दिवा कुणाचा, नळ कुणाचा?

आता पुन्हा त्या बंद दिव्याकडे येऊ. मुलांना प्रत्यक्ष कामाला लावायचे तर पहिला धडा हाच की, कोणते काम कोणाचे. चेन्नईचेच उदाहरण घ्या. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा. घरात येणारी वीज वीज कंपनीची. पाणी आणि सांडपाणी महापालिकेकडे नाही, त्यासाठी १९७८ पासून वेगळे मंडळ आहे, त्याला लोक ‘मेट्रोवॉटर’ म्हणतात. कचरा उचलणे महापालिकेचे, रेशन दुकान नागरी पुरवठ्याचे, बस आणखी वेगळ्या महामंडळाची. एकाच गल्लीत उभे राहून मुलाला पाच कार्यालयांची नावे सांगावी लागतात. पाठ्यपुस्तकातील ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा धडा पाच वेळा वाचूनही हे कळत नाही. एका दिवसाच्या पायपिटीत कळते.

दुसरा धडा तक्रार करण्याचा. ‘आमच्याकडे अंधार आहे, लक्ष द्यावे’, ही तक्रार नव्हे. खांबाचा क्रमांक काय, दिवा कोणत्या तारखेपासून बंद आहे, जवळची खूण कोणती, हे लिहिले तर काम करणाऱ्या माणसाला जागा सापडते. चेन्नईत महापालिकेचा तक्रारीचा दूरध्वनी १९१३ आहे, मुंबईत १९१६. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. तो वहीत टिपून ठेवायचा.

तिसरा धडा सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचा. तो म्हणजे पाठपुरावा. समजा, आठवडा गेला, दिवा लागला नाही. आता काय? पुन्हा फोन करायचा, जुना क्रमांक सांगायचा. तरीही नाही तर वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्यायचा. मग नगरसेवकांना भेटायचे. रागावून नव्हे आणि हात जोडूनही नव्हे, तर कागद हातात घेऊन. पहिल्या फोनला उत्साह असतो, तो कुणालाही असतो. चौथ्या फेरीला जो जातो, तो पुढारी. नेतृत्वाची एवढी सोपी व्याख्या दुसरी सापडणार नाही.

तेही पुरेसे झाले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. हा अधिकार नागरिकाला आहे, कायद्यात वयाची अट नाही. लखनौच्या दहा वर्षांच्या एका मुलीने २०१२ साली अर्ज करून विचारले होते की, गांधीजींना ‘राष्ट्रपिता’ ही पदवी कोणत्या आदेशाने दिली? प्रश्न पंतप्रधान कार्यालयातून गृह मंत्रालयात आणि तिथून राष्ट्रीय अभिलेखागारात गेला. उत्तर आले की, तसा कागद नोंदीत नाही. एका मुलीच्या अर्जाने दिल्लीतील तीन कार्यालये कामाला लागली.

पाण्याने दिलेला धडा

चेन्नईच्या मुलांना नागरिकशास्त्र शिकवायला पाण्याइतका चांगला विषय नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शहराजवळच्या तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला, अड्यार नदीने काठ सोडले आणि अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्याच शहराने चार वर्षांत उलटे टोक पाहिले. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराला पाणी पुरवणारे चार मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैमध्ये जोलारपेट येथून आगगाडीने पाणी आणावे लागले. मराठी वाचकांना हे चित्र नवे नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला असेच पाणी गेले होते.

तामिळनाडूत २००३ पासून इमारतींना पावसाचे पाणी जमिनीत जिरवण्याची सोय सक्तीची आहे. पण सोय असणे वेगळे आणि ती चालू असणे वेगळे. पाईप तुटलेला असतो, खड्डा गाळाने भरलेला असतो. तेरा-चौदा वर्षांची चार मुले वही-पेन्सिल घेऊन एका रस्त्यावरच्या इमारती पाहू लागली तर दोन रविवारांत सगळी यादी तयार होईल. कोणती चालू, कोणती बंद, कोणती कागदावरच. मग इमारतीच्या बैठकीत ती यादी वाचून दाखवायची. कायदा, हिशेब, निरीक्षण, धीटपणा, सारे एका कामात शिकून होते आणि वर पाणीही मुरते.

व्यासपीठावरचे नेतृत्व

अलीकडे मोठ्या शहरांतून मुलांसाठी ‘नेतृत्व विकास शिबिरे’ निघाली आहेत. भरपूर शुल्क, दोन दिवसांचे कार्यक्रम, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. त्यात मुले माईकसमोर उभे राहायला शिकतात, हे खरे. तेही वाईट नाही. पण माईकसमोर बोलणे ही नेतृत्वाची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी ऐकण्याची. आपल्याला न आवडणाऱ्या मुलाचे म्हणणे पुरते ऐकून घेणे, आपला प्रस्ताव फेटाळला गेला तरी दुसऱ्याच्या प्रस्तावासाठी राबणे, हे कोणत्याही शिबिरात दोन दिवसांत येत नाही.

आपल्या देशात हे ओळखणारे इतरही झाले. महाराष्ट्रात राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून आणि पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून आपापल्या पद्धतीने मुलांना वर्गाबाहेरच्या कामात घातले. राजस्थानातील तिलोनिया येथे दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांच्या रात्रशाळा होत्या. तिथे १९९३ पासून मुलांची संसद निवडली जाऊ लागली आणि शाळा नीट चालते की नाही, हे तीच पाहू लागली. कर्नाटकात उडुपीकडच्या केराडी गावात १९९० च्या दशकात मुलांची पंचायत झाली. पावसाळ्यात ओढा ओलांडून शाळेत कसे जायचे, हा मुलांचाच प्रश्न होता. तो त्यांनीच मोठ्यांपुढे मांडला आणि साकव झाला. मोठ्या माणसांना तो ओढा अडचणीचा वाटतच नव्हता, कारण त्यांची उंची जास्त होती! पुढे कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभा सरकारी पातळीवरही भरवल्या जाऊ लागल्या.

आईवडिलांची धास्ती

‘आमच्या मुलीला असल्या भानगडीत पाडू नका’, ‘दहावीचे वर्ष आहे, आधी मार्क मिळू देत’, ‘उद्या कुणी पक्षवाला मुलांना झेंडे धरायला लावील’. आईवडिलांच्या या शंका खोट्या नाहीत. त्यांना उत्तरे हवीत.

वेळेचे म्हणाल तर आठवड्यातून एक तास पुरतो. तेवढा वेळ तर टीव्ही आणि मोबाईलपुढे बसल्या जागी जातो. सुरक्षिततेसाठी नियम करावेत. मुलांनी एकटे कार्यालयात जायचे नाही, बैठक दिवसाउजेडी, माहितीच्या ठिकाणी आणि एखादी मोठी व्यक्ती हाकेच्या अंतरावर असावी. मुलींना बैठकीला पाठवताना घरात कुरकुर होते आणि त्याच वेळी मुलाला ‘जा’ म्हटले जाते. असे झाले तर पहिला ठराव याच विषयावर व्हायला हवा! राजकीय पक्षांचे म्हणाल तर कुणाचाही झेंडा, टोपी, जाहिरात बैठकीत येणार नाही, हे पहिल्याच दिवशी मुलांकडून ठरवून घ्यावे.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. असे उपक्रम घसरतातही. संस्थेची ताई येते तोवर संसद भरते, ताईची बदली झाली की संपते. कुठे भाषण मोठ्यांनी लिहून दिलेले असते आणि मूल ते पोपटासारखे म्हणते. कुठे पाहुणे आले की मुलांना रांगेत बसवून फोटो काढतात. मुलांना हा देखावा लगेच कळतो आणि ती एक भलताच धडा शिकतात की, लोकशाही म्हणजे पाहुण्यांसाठी करायचे नाटक. असा धडा शिकण्यापेक्षा काहीच न शिकलेले बरे. म्हणून मुलांना संसद द्यायची तर एखादा खरा निर्णयही त्यांच्या हाती दिला पाहिजे. लहान असो, पण खरा असो. इमारतीच्या मोकळ्या जागेत कोणत्या वेळी खेळायचे, वाचनालयासाठी ठेवलेले पाचशे रुपये कशावर खर्च करायचे, हे त्यांनी ठरवावे आणि मोठ्यांनी पाळावे.

प्रश्न घरापर्यंत येतो

मुलांना नागरिक बनवायचे ठरवले की एक दिवस त्यांचा प्रश्न आपल्याच दारात येतो. याची तयारी ठेवायला हवी. गल्लीतील कचऱ्याची पाहणी करून आलेली मुलगी स्वयंपाकघरात येऊन विचारते, ‘आई, आपण ओला आणि सुका कचरा एकाच पिशवीत का टाकतो?’ सिग्नल तोडल्यावर स्कूटरच्या मागे बसलेला मुलगा विचारतो, ‘बाबा, तुम्ही पावती का नाही घेतली?’

अशा वेळी ‘मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नकोस’, असे म्हणणे सर्वांत सोपे. पण तेवढ्या एका वाक्याने वर्षभराचे शिक्षण पुसले जाते. मुलाला कळते की, नागरिकपणा बाहेर दाखवायचा असतो, घरात नाही. त्यापेक्षा ‘चुकले माझे’ म्हणणारे वडील मुलाला जे शिकवतात, ते कोणतीही संसद शिकवू शकत नाही.

आपल्याकडे सुरुवात कशी करावी?

यासाठी संस्था, देणगी, उद्घाटन काही लागत नाही. एक सोसायटी, एक चाळ किंवा एक आळी पुरे.

• बारा ते सतरा वयाची दहा ते तीस मुले-मुली एकत्र करा. इमारतीतल्या मुलांबरोबर शेजारच्या वस्तीतील आणि घरकामाला येणाऱ्या बाईंची मुलेही असावीत. ज्यांच्या नळाला पाणी येत नाही त्यांना बाहेर ठेवून पाण्याची चर्चा करण्यात अर्थ नाही.

• पहिल्या बैठकीत परिसराचा नकाशा काढायला लावा. दिवे, नळ, कचराकुंडी, धोक्याचा खड्डा, शाळा, दवाखाना, सारे त्यात यावे.

• एकच प्रश्न निवडू द्या, तोही लहान. पहिल्याच वर्षी शहर सुधारायला निघालेला गट दिवाळीपर्यंत टिकत नाही.

• एक वही ठेवा. कोणत्या तारखेला कोण कुठे गेले, काय उत्तर मिळाले, पुढची तारीख कोणती.

• काम झाले तर ज्या कर्मचाऱ्याने ते केले त्याला आभाराचे पत्र पाठवायला सांगा. तक्रार करणारे पुष्कळ भेटतात, आभार मानणारे थोडे.

• काम झाले नाही तरी बैठक घ्या. का झाले नाही, हे शोधणे हाही अभ्यासच आहे.

• आणि तुम्ही स्वतः मध्ये बोलू नका. हे सर्वांत अवघड!

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांतील कारभारात वॉर्ड समित्यांना स्थान दिले. तामिळनाडूत २०२२ पासून शहरांच्या वॉर्डांत क्षेत्रसभा भरू लागल्या. महाराष्ट्राच्या कायद्यातही २००९ पासून क्षेत्रसभांची तरतूद आहे, पण आपल्यापैकी किती जणांनी अशी सभा पाहिली आहे? तरतुदी कागदावर झोपून राहतात, कारण त्यांना उठवणारी माणसे तयार झालेली नसतात. ती माणसे अठराव्या वर्षी मतदार यादीत नाव आले म्हणून तयार होत नाहीत. ती तेराव्या-चौदाव्या वर्षी, गल्लीच्या कोपऱ्यावर, वहीत खांबाचा क्रमांक लिहून घेताना तयार होतात.

आज संध्याकाळी घरी परतताना वर पाहा. एखादा दिवा बंद असेलच. मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या, खांबाजवळ उभे राहा आणि फोन त्यांच्या हाती द्या. बोलू द्या त्यांनाच. अडखळतील, अडखळू द्या. दिवा लागेल तेव्हा लागेल. तो लागेपर्यंत आठवण ठेवणारे एक माणूस मात्र तुमच्या घरात तयार झालेले असेल.